दोन खाचांचं पातं

"घाल अजून एक जोड, नाहीतर तुझंच नरडं लावीन त्या चाकावर!" हे ओरडले आणि पाठोपाठ थोबाडीत बसल्याचा आवाज आला. वखारीमागच्या खोलीत मी चहाचं आधण ठेवत होते. हात तिथंच थांबला.

"दादा, पाहिजे तेवढं मार. पण हे पातं आता दगा देईल," भावजी म्हणाले. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. लाकूड कापायचा आरा हे चालवायचे, दुरुस्ती भावजींकडे. आऱ्याचं पातं म्हणजे दातांचा लांब पट्टा, दोन मोठ्या चाकांवरून गरगर फिरणारा. तुटलं की भावजी टोकं तापवून सांधायचे.

"दोनदा उठवलंस ना मेलेल्याला? मग आताच काय धाड भरली?"

"उठतं, पण नवं होऊन नाही उठत. सांध्याशेजारचं पोलाद जळतं, दादा. पहिला जोड महिना काढतो, दुसरा पंधरवडा. तिसऱ्याचा भरवसा चहा गार होईपर्यंत."

यांनी कमरेचा पट्टा उपसला, भावजींनी दांडकं उचललं. सख्ख्या भावांनी एकमेकांना असं बडवलं की भुसा लाल झाला. शेवटी थोरल्याचा मान म्हणून भावजींनी फुटक्या ओठांनी जोड घातला.

चहा गार व्हायचा राहिला बाजूला, मी कप घेऊन दारात पोचते तोच कडाडलं. पातं उसळलं आणि यांचा उजवा हात कोपरापासून घेऊन गेलं. भिंतीवर रक्त, ओंडक्यांवर रक्त, माझ्या कपांतसुद्धा. भावजींनी अंगातला सदरा फाडून दंड आवळला, म्हणून हे वाचले. पुढे डाव्या हातानं भावजींना मारायला शिकले, पण पहिला नेम काही राहिला नाही.

तेव्हापासून भावजी प्रत्येक जोडाला कानशीनं एक खाच पाडायचे. दोन खाचांचं पातं पंधरवडा भरायच्या आत, धड चालत असतानाच उतरवायचे आणि दगडावर ठेवून, शिव्या देत, घणानं तुकडे करायचे. पुन्हा कुणाला सांधायचा मोहच नको. लोक त्यांना पात्यांचा यम म्हणत.

भावजी वारले त्या दिवशी सकाळीही त्यांनी पातं उतरवलं. आता आऱ्यावर माझा मुलगा होता. त्यानं घण धरला.

"काका, अजून चार दिवस धावलं असतं! आणि डॉक्टरांनी काय सांगितलंय? छातीत दोनदा दुरुस्ती झालीये तुमच्या!"

"म्हणूनच घाई आहे. सोड."

"नाही सोडत!"

भावजींनी त्याला ढकलून ओंडक्यांवर आपटलं. "आधी आपले दोन्ही हात बघ, गाढवा, आणि मग बोल!"

घण पडत राहिला. एक तुकडा उडून त्यांच्याच नडगीत घुसला, तो उपटून त्यांनी बाकीच्यांसोबत भंगाराच्या पिंपात टाकला. धापा टाकत नवं पातं चढवलं, चाक हातानं एकदा फिरवून कान लावला.

"चालव," म्हणाले.