माझ्या नावाची मूठ

मी लुगडे नेसतो. लग्नाच्या आधीपासून नेसतो. वय सत्तरीच्या पुढे गेले आहे, त्यामुळे हे वाक्य लिहिताना हात थांबत नाही.

मी स्त्री आहे, असे माझे म्हणणे नाही. पुरुषाच्या देहात जन्मून स्वतःला स्त्री म्हणणाऱ्या काहीजणी मला भेटल्या आहेत. त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. माझे प्रकरण निराळे आहे. मी पुरुष आहे, आणि लुगडे नेसल्यावर मला बरे वाटते. याहून अधिक कारण मला सापडले नाही. पुढे पुढे मी ते शोधणेही सोडून दिले.

आमचे गाव शहादा तालुक्यात, गोमाईच्या काठी. मी पाटबंधारे खात्यात नोकरी केली आणि निवृत्तीनंतर घरची केळी व कापूस पाहू लागलो. पत्नीला लग्नानंतर लवकरच सारे कळले. ती रडली नाही, माहेरीही गेली नाही. दार लावून ती समोर बसली आणि मला नेसायला सांगितले. मी नेसलो. तिने वरपासून खालपर्यंत पाहिले.

"हाई नेसनं शे का? पोतं बांधेल दिखी ऱ्हायनं," ती म्हणाली. "सोडा. पहिलेपासून नेसा."

तिथून माझे शिक्षण सुरू झाले. तिने मला सुंदर दिसायला शिकवले नाही, नीट दिसायला शिकवले. निऱ्या सारख्या हव्यात आणि एकदा खोचल्यावर त्यांना हात लागता कामा नये. चालताना पाय उचलायचा नाही. निऱ्या पायाने लोटत चालायचे, म्हणजे पाऊल आपोआप लहान पडते. खाली बसताना आधी काठ सावरायचा, मग गुडघा टेकायचा. उठताना भिंतीचा आधार घ्यायचा नाही. पदर सारखा चाचपायचा नाही, कारण चाचपणारा माणूस घाबरलेला असतो आणि ते लांबूनही दिसते. पोलके तिनेच घरच्या मशीनवर माझ्या मापाने शिवले. छातीशी काही भरावे का, असे मी एकदा विचारले होते.

"जे नही ते दखाडानं नही," ती म्हणाली. तो विषय तिथेच संपला.

आवाजही मी कधी बदलला नाही. हल्ली फोनवर अशा वेशाचे धडे देणारे पुष्कळ भेटतात: मान वेळावा, मनगट सैल सोडा, कंबर हलवा. शिकवणाऱ्यांचा हेतू चांगला असेल. मात्र मनगट सैल सोडून चालणारी बाई मी आमच्या गावात पाहिलेली नाही. इथल्या बायकांच्या मनगटावर पाण्याची कळशी असते. पदर कमरेला खोचतात तो दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून. बाईची रीत तिच्या कामातून येते. काम सोडून नुसती रीत उचलली की तिची नक्कल होते. मला नक्कल करायची नव्हती. म्हणून लुगडे नेसून मी घरात बसून राहिलो नाही. भाकरी थापल्या, मिरच्या निवडल्या, गोधडीला टाके घातले. भाकरी अजून तिच्यासारखी येत नाही.

हे सर्व बंद दाराआड चालले. मुलगा मोठा झाला, नाशिकला स्थायिक झाला. दार मात्र बंदच राहिले. मग एका वर्षी श्रावण लागला आणि मला दार लावण्याचा कंटाळा आला.

श्रावणात खानदेशात कानबाई बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात देवीची स्थापना होते. नारळाला डोळे, नाक, नथ लावून तिला लुगडे नेसवतात. सोमवारी बायका तिला डोक्यावर घेऊन, वाटेत फुगड्या घालत नदीवर नेतात. त्या दिवशी रस्ता बायकांचा असतो. आमच्या भाऊबंदांची कानबाई थोरले घर म्हणून आमच्याकडे बसते आणि पत्नी लग्न होऊन आल्यापासून तिचे सारे करते. मी तिला म्हणालो, यंदा नदीपर्यंत मी लुगडे नेसून येईन.

ती गहू पाखडत होती. सूप थांबले नाही.

"मिशी?" तिने विचारले.

मिशीचा प्रश्न खरा होता. दाराआड ती चालून गेली. रस्त्यावर ती दिसली की लुगड्याची थट्टा होणार आणि मला थट्टा करायची नव्हती. मी शहाद्याला जाऊन मिशी काढून आलो. आमच्याकडे पुरुष मिशी केव्हा काढतो, हे त्या वेळी माझ्या ध्यानातच आले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर माणसे जमू लागली. डोक्यावर टोप्या, कोणी खाकरत नाही, कोणी तंबाखू मळत नाही. एकाने येताना चहाची पूड आणि साखर आणली होती. घरात कोणी गेले की लोक असे दारावर येतात. शेजारच्या म्हाताऱ्याने माझ्या ओठांवर नजर टाकली आणि हळू आवाजात विचारले, "कोण गयं, आबा?"

"कोणी नही."

"मंग मिशी कसाले काढी?"

त्या घटकेला खोटे बोलणे सोपे होते. दूरचा एखादा मामा मारता आला असता. पत्नी दारात उभी होती. मी सांगितले, "सोमवारले लुगडं नेसानं शे. त्याले मिशी शोभत नही."

मग मागून एकजण म्हणाला, "नाटकमां काम लिधं का, आबा?"

"नाटक आतेपावत चालू व्हतं," मी म्हणालो. "आते बंद."

लोक उठले. साखर आणणाऱ्याला ती परत न्यावी की ठेवावी हे कळेना. पत्नीने त्याच्या हातातून पुडा घेतला आणि सगळ्यांना चहा करते म्हणून सांगितले. निम्मे लोक चहाला थांबले.

संध्याकाळी माझा चुलतभाऊ आला. तो माझ्याहून लहान, पण गावच्या कारभारात बसणारा. भाऊबंद त्याचे ऐकतात. तो ओरडला नाही. ओरडला असता तर मला सोपे गेले असते.

"आबा, तुम्ही घरमां काय बी नेसा," तो म्हणाला. "गावमां आमले तोंड दखाडनं पडस."

"दखाड. तुन्हं तोंड चांगलं शे."

"हसा नका. एक काय ते ठरावा. माणूस का बाई?"

"माणूस. लुगडं नेसेल माणूस."

"मंग मूठ नही," तो म्हणाला आणि निघून गेला.

हा शब्द बाहेरच्या वाचकाला समजावून सांगायला हवा. कानबाईच्या नैवेद्याला रोट म्हणतात. त्यासाठी भाऊबंदातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने, पाळण्यातल्या पोरापासून खाटेवरच्या म्हाताऱ्यापर्यंत, गव्हाची एकेक मूठ काढतात. त्या गव्हाचे पीठ होते आणि रोट फक्त भाऊबंद खातात. बाहेरच्याला देत नाहीत, उरवत नाहीत, टाकत नाहीत. पुरुष मेला की त्याची मूठ बंद होते. चुलतभावाने मला शिवी दिली नव्हती. जिवंतपणी मला घराण्यातून वजा केले होते.

मी पत्नीला म्हणालो, लुगड्याचे राहू दे. मी माझ्यासाठी म्हणालो नव्हतो. भाऊबंद रोटाला आले नाहीत तर पुढच्या वर्षी कानबाई दुसऱ्या घरी जाईल आणि तिच्या हातचे एक मोठे काम संपेल. तिचे गुडघे दुखतात, तरी ते काम तिने कधी कोणाला दिलेले नाही.

"मिशी परत लावता येई का?" तिने विचारले.

"नही."

"मंग चूप बठा."

शनिवारी भाऊबंदातल्या बायका गव्हासाठी आमच्या ओसरीत बसल्या. चुलतभाऊही येऊन दाराशी उभा राहिला. मूठ काढण्याचा मान थोरल्या सुनेचा, म्हणजे पत्नीचा. पहिली मूठ घरधन्याची असते. ती मूठ ती नेहमी न बोलता काढी. नवऱ्याचे नाव घेण्याची आमच्याकडे रीत नाही. पुढच्या मुठी मात्र नाव घेऊन काढायच्या.

"वैनी, आबानी मूठ लेवू नका," चुलतभाऊ म्हणाला.

तिने गव्हात हात घातला. मूठ भरली, वर धरली, आणि माझे नाव घेतले. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासह, आडनावासह, दारापर्यंत ऐकू जाईल असे. लग्नातल्या उखाण्यानंतर तिच्या तोंडून माझे नाव मी ऐकले नव्हते. ते तिच्या आवाजात कसे लागते, हे मी विसरलो होतो.

मूठ परातीत पडली. पाठोपाठ तिने चुलतभावाचे नाव घेतले, मग त्याच्या मुलांचे.

"मन्ही लेवू नका!" तो म्हणाला.

"लेवाई गई."

"काढा ती."

तिने परात त्याच्याकडे सरकवली. "मिसळाई गई, भाऊ. तुम्हना गहू वळखा आणि येचीसन लई जा."

बायकांतून कोणीतरी फस्सकन हसले. तो गेला. त्याच्या घरातल्या बायकाही उठून त्याच्यामागे गेल्या. बाकीच्या बसून राहिल्या. त्यांना मी पटलो होतो असे नाही, पण गहू पुरे व्हायचे होते.

रविवारच्या आरतीला ओसरी अर्धी भरली. सोमवारी सकाळी मी अंजिरी लुगडे नेसलो. आरशासमोर जास्त थांबलो नाही. पत्नीने कानबाई डोक्यावर घेतली, मी पूजेचे ताट घेऊन तिच्या मागे चाललो. डफ वाजत होता. ओट्याओट्यावर माणसे उभी होती आणि बऱ्याच हातांत फोन होते. बसथांब्याजवळ तरुणांचे टोळके होते. त्यातला एक ओरडला, "ओ मावशी!"

"काय रे भाचा?" मी माझ्याच आवाजात विचारले.

त्याचे मित्र हसले. मला नाही, त्याला. मी निऱ्या लोटत पुढे गेलो. फुगडी मी घातली नाही. माझ्या वयाच्या बायकाही घालत नाहीत.

ती चित्रफीत संध्याकाळपर्यंत नाशिकला पोहोचली. मुलाने आईला फोन केला. तो बराच वेळ बोलत होता, ती ऐकत होती. शेवटी ती म्हणाली, "तुले लाज वाटत व्हई तर दखू नको." नंतर त्या फोनवर मीही ती पाहिली. मी बरा चाललो आहे. मारुतीच्या देवळापुढे डावा पाय जरा जास्त उचलला गेला.

त्याच दिवशी नदीवरून परतल्यावर रोट वाढायला घेतले. पंगतीत चुलतभावाच्या घरच्या जागा रिकाम्या होत्या. त्यांचे रोट तसेच राहिले. ज्याच्या मुठीचे रोट ते त्याच्याच घरच्यांनी खायचे, म्हणून ते आम्हाला खाता येत नव्हते, दुसऱ्याला देता येत नव्हते आणि पौर्णिमेच्या आत संपायला हवे होते. पत्नीने ते झाकून ठेवले. दुपार कलताना काकू आली. काकू म्हणजे चुलतभावाची आई, आमच्या घराण्यातली सर्वांत वयस्क बाई. काठी टेकत एकटीच आली होती. हातात रिकामे ताट होते.

"मन्हा पोऱ्यास्ना रोट दे," ती पत्नीला म्हणाली. "मूठ काढेल शे ना त्यास्नी? मंग खातीन. कानबाईले कोण नही म्हनस, मी दखस."

पत्नीने ताट भरले. काकूने ते घेतले आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिले. मी अजून लुगड्यातच होतो. आता ती काय बोलणार, याची मी वाट पाहिली. उत्तर तयार ठेवले होते.

"निऱ्या ढिल्या पडनात तुन्ह्या," ती म्हणाली. "खोसी ले."

मी निऱ्या खोचल्या. ती गेली.

ताट दिवेलागणीला परत आले, घासून, पुसून. चुलतभावाने रोट बसून खाल्ले की उभ्याने, आईच्या धाकाने की कानबाईच्या, याची मी चौकशी केली नाही. खाल्ले एवढे पुरे. तो माझ्याशी अजून कामापुरतेच बोलतो आणि आमच्या गल्लीतून जाताना मान खाली घालतो. मी घालत नाही. आता बाजारच्या दिवशीही मी कधी धोतर नेसून जातो, कधी लुगडे. कोणी पाहत राहिले तर मीही त्याच्याकडे पाहतो आणि नजर आधी त्याला वळवावी लागते.