हार्बर शिकवणाऱ्या बाई

वर्गात शिरल्या की बाई आधी दोन्ही तळहात टेबलावर टेकवायच्या, डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "जरा टेकते, मग बोलू." बारावीची पोरं हसायची. जिना चढून त्यांना धाप लागलेली असायची, हे तुमच्याआमच्यासारख्या बघणाऱ्याला कळलं असतं. पोरांना ती लकब वाटायची.

सोलापुरातल्या आमच्या कॉलेजात त्या इंग्रजी शिकवायच्या, मी भूगोल. एकदा त्यांच्या धड्यात बंदराचे शब्द आले. समुद्र वर्गात कुणीच पाहिला नव्हता, बाईंनीही नाही. म्हणून त्यांनी मला नकाशा घेऊन बोलावलं.

"पोर्ट म्हणजे माल चढवायची-उतरवायची जागा," बाई सांगत होत्या. "आणि हार्बर म्हणजे वादळात जहाजानं आत येऊन निवांत उभं राहायची जागा."

उजनी धरणाच्या काठचा एक मुलगा उठला. "मॅडम, वारं सुटलं की आमच्याकडं मासेवाले होड्या वळणात नेऊन बांधत्यात. ते हार्बर हाय का?"

"त्याला कोव्ह म्हण. लहानसं हार्बरच की ते."

"आन् धड्यातलं ते हेवन? स्वर्गवालं न्हवं, दुसरं."

बाई म्हणाल्या, "जिथं पोचल्यावर भीती वाटत नाही ते."

मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "हार्बर क्रियापद पण असतं का, मॅडम?"

"असतं. आसरा देणे. पण गुन्हेगाराला आसरा दिला, की कायद्यात तोच शब्द गुन्हा म्हणून येतो, बरं का!" वर्ग हसला. ती मुलगी हसली नाही.

परीक्षेच्या तोंडावर तीच मुलगी दप्तर घेऊन बाईंच्या शुक्रवार पेठेतल्या भाड्याच्या खोलीवर आली. वडील नव्हते. काकानं लग्न ठरवलं होतं, परीक्षेच्या आधीच. "मला पेपर देऊ द्या, एवढंच," ती म्हणाली. बाईंनी विचारलं, "जेवलीस का?"

दुसऱ्या दिवशी काका दोघातिघांना घेऊन आला. मी तेव्हा बाईंकडेच बसले होते.

"दुसऱ्याची पोर घरात ठिवून घेता व्हय, मॅडम?"

"अठरा वर्षांची आहे ती. पेपर झाले की तिलाच विचारा."

"तिला काय कळतंय?"

"कळतंय म्हणूनच आली."

बाईंनी दाराची चौकट धरली, पण बाजूला झाल्या नाहीत. काका शिव्या देत जिना उतरला.

मग घरमालक आले. अक्कलकोटकडचे, माणूस वाईट नव्हता. "बाई, तुमी लई चांगल्या. पण पेठेत लोक बोलायलेत. पेपर होऊ द्या, मग दुसरं घर बघा की."

बाई रोज मुलीला रिक्षानं परीक्षा केंद्रावर न्यायच्या आणि पेपर सुटेपर्यंत फाटकाबाहेर लिंबाखाली बसायच्या. शेवटच्या पेपरला मुलीची आई आली, एकटीच. दिराला न विचारता आली होती. लेकीला जवळ घेऊन रडली आणि म्हणाली, "शिक तू. मी बघते त्यांचं." मुलगी पुढे सांगलीला नर्सिंगला गेली.

बाई मात्र उन्हात घर शोधत हिंडत राहिल्या. एकटी बाई म्हटल्यावर मालक आधी दारातच घोटाळायचे. मग आडनाव विचारायचे, आणि आडनाव सांगितलं की खोली कालच दिलेली असायची. "आजची पण गेलेलीच निघाली," त्या खुर्चीत बसता बसता मला सांगायच्या. त्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला ऐकायला सोपं गेलं असतं.

"माझ्याकडे या," मी म्हटलं.

"दोन खोल्यांत सहा जणं आहात तुम्ही. मला काय फळीवर ठेवता?" त्या हसल्या, आणि हसतानाही त्यांना धाप लागली.

अखेर नोकरीची उरलेली वर्षं सोडून त्या वेळापूरला भावाकडे गेल्या.

दिवाळीच्या सुट्टीत मी भेटायला गेले. वस्तीवरचं घर, बाहेर शेंगा वाळत घातलेल्या. आतल्या खोलीत बाई कुशीवर झोपल्या होत्या. पुस्तकांचं पोतं भिंतीशी तसंच बांधलेलं होतं.

"आल्यापास्नं अशाच झोपत्यात," भावजय हळू आवाजात म्हणाली. "उठवू का?"

"नको."

त्यांची ती शेवटचीच भेट. उन्हाळा लागायच्या आत त्या गेल्या. पण त्या दुपारी मी चहा पिऊन बराच वेळ दारात नुसती बसून होते. खिडकीतून ऊन बाईंच्या तोंडावर यायला लागलं, तशी भावजय उठली, आपली एक जुनी साडी खिडकीवर टाकली आणि पायांचा आवाज न करता बाहेर शेंगांकडे गेली.