खिडकीपलीकडच्या जैन मॅडम

धुळ्याला देवपूरच्या आपल्या कॉलेजातली मधली सुट्टी आठवतेय ना? ऐंशीच्या दशकातली... स्टाफरूमचं ते लांब टेबल, उघडलेले डबे, कुणाची कळण्याची भाकरी, कुणाचा ठेचा. स्टाफच्या सगळ्या बातम्या तिथेच फुटायच्या. कुणाचं लग्न ठरलं, कोण बदलीच्या खटपटीत आहे...

फक्त एक बाई त्या टेबलाशी कधी बसली नाही. नवीन आलेल्या लायब्ररियन, जैन मॅडम. डबा घेऊन लायब्ररीतच बसायच्या, व्हरांड्यापलीकडच्या खिडकीशी. त्यांची खिडकी आमच्या खिडकीच्या बरोब्बर समोर.

आधी वाटलं, कांदा-लसूण चालत नसेल. मग लक्षात आलं, मागून हाक मारली तर वळूनही बघत नाहीत. "शिष्ट आहे झालं," असं ठरलं. पण पुढे जे व्हायला लागलं ते जरा विचित्र होतं...

बॉटनीच्या पाटील मॅडमना दिवस गेले होते. जेवताना हळूच आम्हा दोघी-तिघींनाच सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी जैन मॅडम त्यांना जिन्यात म्हणाल्या, "जपून चढा हं आता." पाटील मॅडमचा चेहरा पांढराफटक! हिला कोणी सांगितलं?

मग केमिस्ट्रीच्या महाजन सरांचं प्रकरण. जळगावच्या एका कॉलेजात त्यांचं जमत आलं होतं. स्टाफरूमचं दार लावून आम्हाला सांगितलं आणि त्याच आठवड्यात प्राचार्यांनी बोलावून विचारलं, "काय, चाललात म्हणे?"

फिजिक्स लॅबचे नाना दारातून डोकावून म्हणाले, "हाई बाई बठ्ठं साहेबले सांगस. ध्यानमा ठेवा." झालं. प्राचार्यांची हेर म्हणून शिक्काच बसला. त्या आल्या की बोलणं बंद, पदर तोंडावर. मीसुद्धा त्यांच्याकडे त्याच नजरेनं बघायला लागले. खिडकीतून त्या आमच्याकडेच बघत जेवायच्या, अगदी टक लावून... अंगावर काटा यायचा.

त्यांचं प्रोबेशन संपत आलं होतं. महाजन सरांनी ठरवलं, मीटिंगमध्ये विरोध करायचा. अशी बाई कायम झाली तर सगळ्यांच्याच मानेवर बसेल.

मीटिंग सुरू झाली. सरांची प्रस्तावना काही संपेना. मला एक जुनी सवय आहे... बोर्डिंगच्या कॉन्व्हेंटमध्ये जेवताना बोलायला बंदी होती. सिस्टर टेबलांमधून फिरायच्या आणि आम्ही मुली नुसते ओठ हलवून गप्पा मारायचो. आवाज अजिबात नाही. त्याच सवयीनं मी समोरच्या पाटील मॅडमना म्हटलं, "सरांचं बटण बघ, भलत्याच काजात गेलंय."

पाटील मॅडमना काही कळलं नाही. पण त्यांच्या पलीकडे बसलेल्या जैन मॅडमनी सरांच्या शर्टाकडे पाहिलं आणि फिस्सकन हसल्या.

मी गारच पडले. माझ्या तोंडून आवाज निघालाच नव्हता! मागून मारलेल्या हाका, ती समोरासमोरची खिडकी, तो रोखून बघणारा चेहरा... सगळं एकदम जागेवर बसलं. बाई हेर नव्हती. तिला ऐकूच येत नव्हतं.

तेवढ्यात महाजन सर मुद्द्यावर आले, "आपल्यातल्या गोष्टी साहेबांपर्यंत कोण पोचवतं, ते एकदा कळू दे." मी उठले आणि सरळ प्राचार्यांना विचारलं, "सर, महाजन सरांचं जळगावचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"त्यांच्या सासऱ्यांनी," प्राचार्य म्हणाले. "सावद्याहून आले होते. जावई जळगावला येणार म्हणून पेढे देऊन गेले. अर्ध्या धुळ्यानं खाल्ले असतील!"

हशा इतका झाला की विरोध तिथेच बारगळला. जैन मॅडम कायम झाल्या.

संध्याकाळी मी लायब्ररीत गेले आणि नुसत्या ओठांनीच विचारलं, "ऐकू येत नाही?" त्यांनी आधी दार लावलं. लहानपणी टायफॉइड झाला होता. नोकरीच्या मेडिकलमध्ये डॉक्टरांच्या ओठांकडे बघत पास झाल्या होत्या. "कळलं तर घरी बसवतील हो मला..." एवढंच म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

"मग आमच्यात जेवायला का येत नाही?"

"शेजारची बोलली तर मला तिचं तोंड दिसत नाही. उत्तर चुकलं की पकडली जाईन. खिडकीतून सगळ्यांची तोंडं एकदम दिसतात." मग डोळे पुसत म्हणाल्या, "मी रोज तुमच्याबरोबरच जेवते."

दुसऱ्या दिवसापासून त्यांना टेबलाच्या टोकाला बसवलं, उजेडाकडे पाठ करून. म्हणजे बाकी सगळ्यांच्या तोंडावर उजेड. आणि जेवताना एका वेळी एकीनंच बोलायचं, हा माझा हुकूम. "आली कॉन्व्हेंटवाली शिस्त!" म्हणून तुम्ही सगळ्यांनी माझी किती चेष्टा केलीत. कारण मी कधीच सांगितलं नाही. आज सांगतेय, कारण मी गेल्यावर सांग, असं तिनंच म्हटलं होतं.

सुशीला, म्हणजे आपली जैन मॅडम, गेल्या महिन्यात जळगावला भाच्याच्या घरी वारली. तिचं सामान माझ्याकडे आलंय, तेव्हा ज्याचं त्यानं घेऊन जावं...

पुस्तकं कॉलेजच्या लायब्ररीला. शिवणाचं मशीन नानांच्या नातीला. दोन चांगल्या पैठण्या पाटील मॅडमच्या लेकीला. गरम शाल महाजन सरांना, थंडीत गळा जपा म्हणून. अजून तितकंच बोलत असणार, असं तिचं म्हणणं होतं.

आणि कानाचं मशीन. रिटायर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं ते घेतलं, नोकरीत असेपर्यंत कधी लावलं नाही. ते आपल्या कॉलेजातल्या, कमी ऐकू येणाऱ्या एखाद्या मुलीला द्यायचंय. माहितीतली कुणी असेल तर कळवा. डॉक्टरांकडून तिच्या कानाला बसवून घेण्याचा खर्च मी करीन. फक्त देताना तिला एवढं सांगायचं... केसांखाली लपवू नकोस बाळा, वेणी घालून ये.