मोहाच्या भट्टीपाशी एकासणं

स्कॉटलंडच्या सहलीची यादी करत बसले होते. गाडीने फिरायचं, तर कुठल्या दिवशी कुठली व्हिस्कीची भट्टी बघायची आणि त्याआधी कुठे जेवायचं, हे ठरलेलं बरं. तेवढ्यात ह्यांनी ‘सराव हवा’ म्हणत एक बाटली उघडली. तो गोडसर, झोंबरा वास आला आणि सत्तर सालच्या सुमाराची एक संध्याकाळ समोर उभी राहिली.

आम्ही पालच्या जंगलातून जीपने जळगावला परतत होतो. सोबत शेजारच्या जैन काकू होत्या. त्यांचं एकासणं होतं, म्हणजे दिवसातून एकदाच जेवण आणि तेही सूर्य मावळायच्या आत. पाच वाजता रावेरच्या विश्रामगृहात डबा उघडायचा, असं मी ठरवलं होतं. पण वाटेत ह्यांना मोहाची भट्टी दिसली. “पाच मिनिटं,” म्हणाले, आणि तासभर नळीतून पडणारे थेंब बघत बसले. ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं. माझ्या भरवशावर आलेल्या काकू आता उपाशी राहणार, म्हणून मला रडू यायचं बाकी होतं.

“काकू, इथे कसं जेवणार? दारूचा वास येतोय.”

“वास कुठे गिळायचाय, बाई? डबा काढ.”

भट्टीवाल्या पावरा आदिवासी बाईने अंगण झाडून दिलं. काकू सावकाश जेवल्या, घरून उकळून आणलेलं पाणी प्यायल्या. मग सूर्य डोंगराआड गेला आणि माझा जीव भांड्यात पडला. तेव्हा ह्यांचा भयंकर राग आला होता. आज मात्र काकूंचं ते निवांत जेवणंच आठवतं.

काकूंनी हात जोडले, पदर सावरला आणि उठल्या. “चल,” म्हणाल्या, “थेंब कसे पडतात ते मलाही बघू दे.”