दाजींच्या फ्लॉप्या

दाजींवरचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सातपूरच्या एका कारखान्यात कंप्युटर विभागात होते, आणि आमच्या घरात जावयाच्या शब्दापुढे कुणाचं काही चालत नसे.

नव्वदच्या दशकात त्यांच्याच सल्ल्यानं वडिलांनी एक जुना कंप्युटर घरी आणला. वापरायची फक्त मी. पिंपळगावच्या एका पॅकहाउसला द्राक्षाच्या पेट्यांवरची लेबलं करून देणारं कुणीतरी हवं होतं. मी नमुना केला, फ्लॉपीवर घेतला आणि तिथली माणसं दाजींच्या ओळखीची म्हणून पोचवायला दाजींकडेच दिला. रविवारी जेवताना दाजी म्हणाले, "माझ्या घरच्या मशीनवर ती फ्लॉपी वाचलीच जात नाही. मेव्हणीबाईंनी ड्राइव्हची पार वाट लावलेली दिसते." सगळे हसले. वडिलांनी हात धुतले आणि कंप्युटरवर चादर टाकली. "उद्यापासून हा बंद," एवढंच म्हणाले.

वडील शाळेत शिकवायला गेले की मी चादर काढायचे. कापूस स्पिरिटमध्ये बुडवून ड्राइव्हचं हेड, म्हणजे फ्लॉपी वाचणारा भाग, पुसलं. केबल काढून पुन्हा बसवली. विकत आणलेल्या प्रोग्रामच्या फ्लॉप्या माझ्याकडे धडाधड वाचल्या जायच्या. अडायच्या त्या फक्त दाजींनी आपल्या मशीनवर भरून दिलेल्या. शेवटी माझी एक आणि त्यांची एक फ्लॉपी घेऊन कॉलेज रोडवरच्या एका कंप्युटर क्लासमध्ये गेले. तिथल्या मशीनवर माझी उघडली, त्यांची नाही. म्हणजे दाजींच्याच ड्राइव्हचं हेड जागेवरून सरकलं होतं. असा ड्राइव्ह स्वतः लिहिलेलं बिनतक्रार वाचतो आणि बाकी सगळ्यांना नावं ठेवतो.

वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "ते रोज त्याच कामात असतात. तुला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं?" लेबलांचं काम दुसऱ्याच कुणाला गेलं. तेव्हा मी ठरवलं, दाजींना काही सांगायचं नाही. लिहू देत त्यांना त्याच ड्राइव्हवर, हवं तेवढं.

त्यांनी लिहिली ती स्वतःच्या घराण्याची वंशावळ. देवळ्याला, मालेगावला जाऊन नात्यातल्या म्हाताऱ्यांना बोलतं करायचं आणि घरी येऊन ती नावं फ्लॉपीवर ठेवायची. दर सणाला आम्हाला त्याचं कौतुक ऐकावं लागे. मी पानात वाढता वाढता मनात म्हणायचे, चालू द्या.

मग त्यांनी नवं मशीन घेतलं, जुनं मोडीत दिलं, आणि वंशावळ उघडेना. कारखान्यात नाही, दुकानात नाही. नावं सांगणारे बहुतेक म्हातारे तोवर गेले होते. एका दुपारी दाजी फ्लॉप्यांचा डबा घेऊन आमच्याकडे आले.

"बघतेस का जरा?"

"बघते. पण तेव्हा कुणाचा ड्राइव्ह बिघडला होता, ते बाबांना सांगायचं."

मी चादर काढून माझा ड्राइव्ह उघडला, हेड हलवणाऱ्या मोटरचे स्क्रू सैल केले आणि हेड केसाकेसानं सरकवत त्यांच्या ड्राइव्हनं लिहिलेल्या वाकड्या रेघेवर आणलं. पहिली फ्लॉपी वाचली गेली, नावं माझ्या मशीनवर उतरली. दाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. पुढच्याही दोन निघाल्या. तेव्हा दाजी बाजूला बसलेल्या सासऱ्यांकडे वळून म्हणाले, "मामा, त्या वेळी बिघाड माझ्या ड्राइव्हमध्ये होता. हिचं मशीन चांगलं होतं."

वडील माझ्यावरच उखडले. "जावयाच्या तोंडून असलं वदवून घेतेस? लाज वाटत नाही?"

दाजींनी एका शब्दानं माझी बाजू घेतली नाही. खाली बघून गालातल्या गालात हसले.

मी हेड परत मूळ जागी सरकवलं आणि स्क्रू घट्ट आवळले. डब्यात निम्म्याहून जास्त फ्लॉप्या शिल्लक होत्या. "एवढ्याच निघतात," मी म्हटलं. दाजींनी माझ्या हातातल्या स्क्रूड्रायव्हरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना सगळं कळलं, पण बाकीच्या काढून घ्यायच्या तर मामांसमोर पुन्हा माझी बाजू घ्यावी लागली असती, आणि तेवढी त्यांची तयारी नव्हती. डबा उचलून ते गेले.

त्यांची वंशावळ आजोबांपाशी थांबली आहे. त्यामागची नावं सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. ताई अजून मधूनमधून विचारते, पुन्हा एकदा बघशील का. मी नाही म्हणते.