हितनं चिडून कोण जातंय?

दार न आपटता हळू लागावं म्हणून इस्लामपुरात कुणालाही क्लोजर बसवायचा असला की एका ठरलेल्या मिस्त्रींनाच बोलावतात. क्लोजर बसवला की ते विचारतात, "हितनं चिडून कोण जातंय?" त्या माणसानं खरोखर चिडून दार ओढल्याशिवाय ते वेगाचा स्क्रू पक्का करत नाहीत.

आमच्या पतसंस्थेत चिडतात ते चेअरमन. मागच्या वेळी त्यांच्या दाराची काच फुटली ती थेट माझ्या जेवणाच्या डब्यात. म्हणून नव्या काचेसोबत दाराला क्लोजर. मी म्हटलं, "मीच ओढून दाखवते." मिस्त्रींनी पाहिलं. "म्याडम, ह्यो राग न्हाई. तुमी नुसतं दार लावलं."

मग ते सरळ केबिनमध्ये गेले. "साहेब, औंदा तुमी इलेक्शनला पडणार म्हणत्यात. खरं हाय व्हय?"

चेअरमन लालबुंद होऊन बाहेर आले आणि त्यांनी मागं दार जोरात ओढलं. मी डब्यावर झाकण टाकलं. दार मात्र सावकाश आलं आणि दोन बोटं फट ठेवून थांबलं. चेअरमन त्या फटीकडे बघतच राहिले.

मिस्त्रींनी स्क्रू जरासा सैल केला. "शेवटाला अडतंय. साहेब, आणि एकदा. लय मतांनी पडणार म्हणत्यात."