उजव्या मुठीचा गियर

नागनाथ गेल्याचा फोन आला तेव्हा मी सायकलमध्ये हवा भरत होतो. त्याच्या बायकोचा, कमलवहिनींचा भाऊ बोलत होता. अर्धांगाचा झटका दुसरा होता, बीडला न्यायलाही वेळ मिळाला नाही. फोन ठेवून मी उरलेली हवा भरली. का भरली, कुणास ठाऊक... तेव्हापासून सायकल बाहेर काढलेली नाही. थकवा नुसता पायांत असता तर बरं होतं.

नागनाथ माझा जुना मित्र, वडवणीत त्याचं कापडाचं दुकान. आम्हा दोघांनाही एकदमच शुगर निघाली, म्हणून गियरच्या सायकली घेतल्या. त्यानं जाड टायरची डोंगरी, मी वाकड्या हँडलची, रस्त्यावरची. त्याचा गियर अंगठ्यानं दाबायचा, माझा ब्रेकच्याच दांडीनं आत ढकलायचा. वेगात बोटं ब्रेकवरून हलवावी लागत नाहीत, हे माझं म्हणणं. त्याचं उत्तर ठरलेलं, "एकाच दांडीला दोन कामं कशाला सांगायची रं? घाबरल्यावर माणूस काय दाबंल?" आणि स्वतः मात्र जन्मभर मोटारसायकल चालवलेला, गियर बदलताना क्लच दाबल्यासारखा पायडल मारणंच थांबवायचा. चेन पायडल फिरतानाच दुसऱ्या चक्रावर सरकते, हे लिंबागणेशच्या वाटेवर मी किती वेळा सांगितलं असेल. पालथ्या घड्यावर पाणी.

पहिल्या झटक्यानं त्याच्या उजव्या हातातली ताकद गेली. मागचा गियर नेमका उजवीकडे, आणि अंगठा काही दाबेना. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. "चालतेत तर सगळेच," तो म्हणाला, "मला सायकल पायजे." मग मी मूठ पिरगळून बदलायचा गियर आणून बसवला. पोरांच्या सायकलीचा म्हणून आम्ही दोघांनीही त्याला नावं ठेवलेली. पण तो अख्ख्या पंजानं फिरतो. पहिल्या दिवशी पंजा नुसताच घसरत राहिला. "न्हाई होत," म्हणून त्यानं हात मांडीवर ठेवला. मी गियर सगळ्यात हलक्या, एक नंबरवर ठेवून घरी आलो. ती आमची शेवटची भेट.

परवा वहिनींनी बोलावलं. सायकल आतल्या खोलीत तशीच उभी होती. त्या म्हणाल्या, "दुपारचे झोपायचेच न्हाईत. त्या मुठीशी झटापट चालायची. जमलं का न्हाई, मला काय कळतंय भाऊजी."

मुठीवरच्या काट्याकडे बघितलं. आठ. सगळ्यात जड गियर. चेन मात्र अजून एकच्याच मोठ्या चक्रावर होती, कारण त्यानंतर पायडल कुणी मारलंच नव्हतं. मागचं चाक उचलून मी पायडल फिरवलं... खडखडत चेन एकेक चक्र उतरत शेवटच्या चक्रावर गेली.

"जमलं होतं, वहिनी," मी म्हणालो. त्या खाली बसल्या, आणि महिन्याभरात पहिल्यांदा आम्ही दोघंही रडलो.